‘नवीन आहेत, करतील’

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे



गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, पाऊस जरा उघडला होता आणि मी एसटी गाठायला निघाले होते. गावातल्या किराणा दुकानदाराने हाक मारली. “बाई, नवीन सरांना जरा सांगा हां. मी मागत नाय, पण उधारी अकरा हजारांवर गेलीय.” एकट्या माणसाला खोलीवर एवढं काय लागतं, असं माझ्या मनात आलं. त्याने वही उघडून पुढे केली. तेल, कांदे, बटाटे, गॅसची टाकी. सगळं शाळेच्या पोषण आहाराचं. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे तीन महिने आले नव्हते. शाळेतली ७१ मुलं दुपारी जेवत होती ती महिना १६,००० रुपये मानधन घेणाऱ्या एका शिक्षण सेवकाच्या उधारीवर.

सोमवारी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “आधी का नाही बोललात?” ते बराच वेळ पायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, माझा अहवाल तुम्हीच लिहिणार ना.”

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही, म्हणून सेवाज्येष्ठ शिक्षिका या नात्याने कारभार माझ्याकडे. मार्च २०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून हे सर आमच्याकडे रुजू झाले. मराठवाड्यातले. डी.एड. होऊन बाहेर पडले ते २०१२ साली, म्हणजे राज्यातली शिक्षकभरती थांबली त्याच वर्षी. त्यानंतर शिकवणी वर्ग, चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी, पुन्हा शिकवणी. २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली, थोडक्यात राहिले. दुसरी चाचणी व्हायला २०२३ उजाडलं. बारा वर्षं वाट पाहिलेला, लग्न झालेला, एका मुलीचा बाप असलेला हा माणूस पाठीवर सॅक आणि हातात गादीची वळकटी घेऊन कोकणातल्या डोंगरातल्या शाळेच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही कामवाटपाची बैठक घेतली. पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र, पोषण आहार, यू-डायसची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची दुरुस्ती, आणि मतदार यादीचं बीएलओचं काम. प्रत्येक कामाचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, “नवीन आहेत, करतील.” आणि मी लिहून घ्यायचे. बैठकीच्या वहीतलं ते पान माझ्या अक्षरातलं आहे.

म्हणून हे पत्र तक्रार करणाऱ्या बाजूने लिहिलेलं नाही, निदान फक्त त्या बाजूने नाही. माझ्या हातून जे झालं ते मला आपल्यापुढे ठेवायचं आहे. ते माझ्या एकटीच्या शाळेत होतं असं मला वाटत नाही. आणि ते का होतं याचं उत्तर शोधताना मला माझ्याच पहिल्या तीन वर्षांपर्यंत मागे जावं लागलं.

मी २००८ च्या जूनमध्ये रुजू झाले. लातूरकडची मुलगी, वय बावीस. समुद्र पाहिलेला नव्हता, इतका पाऊसही नाही. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३८. मुलं बोलत ते मला अर्धं कळत नसे आणि मी बोलायचे त्यावर ती हसत. सोबतचे गुरुजी वयाने मोठे, गावात मान असलेले. त्यांनी पहिल्या दिवशी पहिली-दुसरीचे वर्ग माझ्या हवाली केले आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या खोलीची किल्ली. मला वाटलं, विश्वास टाकला. साठा नोंदवहीत शिल्लक तांदूळ लिहिला होता तो तसाच मी पुढच्या पानावर ओढला आणि सही केली. मोजून घ्यायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डी.एड.ला मी मानसशास्त्र शिकले होते, आशययुक्त अध्यापन पद्धती शिकले होते, पाठ टाचणं काढली होती. तांदूळ कसा ताब्यात घ्यावा हे शिकले नव्हते.

सप्टेंबरमध्ये तपासणी झाली. ६२ किलो कमी भरला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. आमच्या ३८ मुलांचे चार किलोही होत नाहीत. एवढी तूट तीन महिन्यांत माझ्या हातून होणं कठीण होतं, हे कागदावर हिशोब करून कोणी पाहिलं नाही. पण सही माझी होती. कारणे दाखवा नोटीस माझ्या नावाने आली. गुरुजी म्हणाले, “पोरी, वाद घालू नकोस. तुझी तीन वर्षं निघायची आहेत अजून.” त्यांनी ते दमदाटीने म्हटलं नव्हतं, मायेने म्हटलं होतं. मी चूक कबूल असल्याचं लिहून दिलं आणि तांदळाचे पैसे भरले. तेव्हा माझं मानधन महिना ३,००० रुपये होतं, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम येई. घरी मी हे अजून सांगितलेलं नाही.

महोदय, ‘तीन वर्षं निघायची आहेत’ या शब्दांचा अर्थ आपल्या कार्यालयातल्या फायलीत कदाचित नीट उमटत नसेल, म्हणून सांगते. शिक्षण सेवक योजना २००० साली आली. नव्या शिक्षकाला तीन वर्षं ठरावीक मानधनावर ठेवायचं आणि काम समाधानकारक असेल तर नियमित वेतनश्रेणीत घ्यायचं, अशी तिची रचना. मानधनाचे आकडे वाढत गेले. प्राथमिकला ते ६,००० झालं आणि बरीच वर्षं तिथेच राहिलं, जानेवारी २०२३ पासून १६,००० आहे. माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. वाढ झाली, तिचं मोल मी कमी करत नाही. पण ‘समाधानकारक’ हा शब्द जिथे होता तिथेच आहे. तो कोण ठरवतं? आमच्याकडे प्रस्ताव शाळेतून निघतो. मुख्याध्यापकाचा अहवाल, केंद्रप्रमुखांचा शेरा, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. म्हणजे ज्या माणसाने तुमच्या डोक्यावर पाच कामं ठेवली, ज्याच्या आधीच्या हिशोबातली तूट तुमच्या सहीखाली आली, पहिला शेरा त्याचाच. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हटलं तर कागद जातो त्याच्याच हातातून, ‘योग्य मार्गाने’.

असं असताना नवा शिक्षक काय शिकतो? गप्प राहायला शिकतो. मुलांना वाचायला कसं शिकवावं याच्या आधी तो हे शिकतो की कोणत्या कागदावर न विचारता सही करायची. हजेरीपटावर नावापुढे कंसात ‘शि. से.’ लिहिलेलं असतं. गावात आपल्याला सर म्हणतात, बाई म्हणतात, मुलं पाया पडतात, आणि शाळेच्या कपाटातल्या त्या दोन अक्षरांनी रोज आठवण करून दिली जाते की तू अजून पुरता शिक्षक नाहीस. त्या तीन वर्षांत ‘मला जमत नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं. आणि कोणत्या नव्या शिक्षकाला सगळं जमतं? मला तर पहिले चार महिने दोन वर्ग एकत्र बसवून काय करायचं तेच कळत नव्हतं. दुसरीला वजाबाकी सांगायला फळ्याकडे वळलं की पहिलीतली निम्मी पोरं अंगणात.

मला वाचवलं ते एका शेजारच्या शाळेतल्या बाईंनी. दोन किलोमीटरवर, मधे वहाळ. त्यांची माझी ओळख केंद्राच्या शिक्षण परिषदेत झाली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता बसले होते, त्या शेजारी येऊन बसल्या आणि काही न विचारता आपल्या डब्यातली भाकरी माझ्या झाकणात ठेवली. मग म्हणाल्या, “शनिवारी शाळा सुटली की ये माझ्याकडे.” मी गेले. आणि मग वर्ष-दीड वर्ष जात राहिले.

त्यांनी मला उपदेश केला नाही. त्यांच्या वर्गात भिंतीच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर काळा रंग मारलेला होता, लहान मुलांचा फळा. एक वर्ग तिथे लिहीत असतो तेव्हा दुसऱ्याला शिकवायचं. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधून डब्यात ठेवलेल्या. हातचा घ्यायचा म्हणजे पुरचुंडी सोडायची, हे मुलं हातांनी करत, मग पाटीवर. दुसरीतल्या मुलाने पहिलीतल्या मुलाला रोज एक ओळ वाचून दाखवायची, आणि ज्याचं वाचन कच्चं त्यालाच हे काम आधी द्यायचं, कारण समोर लहान पोर असलं की त्याला लाज वाटत नाही. ही शेवटची गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. “शांत बसा” असं वर्गात ओरडायचं नाही, आपला आवाज खाली आणायचा. एखादं मूल तीन दिवस आलं नाही तर चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरावरून जायचं, चौकशी करायची नाही, नुसतं पाणी प्यायचं. मूल पाचव्या दिवशी येतं.

तांदळाचंही त्यांनीच शिकवलं. पोतं आलं की मुलांसमोर काट्यावर घालायचं, ग्रामशिक्षण समितीच्या एका माणसाला बोलावायचं, पोत्यावरचा आकडा वेगळा आणि काट्यावरचा वेगळा लिहायचा. नोटिशीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी सही करायच्या आधी माझ्याकडे ये.” त्यांच्याकडे जाता येत होतं याचं कारण सरळ होतं. त्या माझ्या शाळेतल्या नव्हत्या. माझा अहवाल त्या लिहिणार नव्हत्या. त्यांच्यापुढे मी रडू शकत होते आणि मूर्ख प्रश्न विचारू शकत होते. त्यासाठी त्यांना कोणी आदेश दिलेला नव्हता, भत्ता नव्हता, कुठल्या नोंदवहीत त्या शनिवारांची नोंद नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सत्काराच्या भाषणांत कोणी याचा उल्लेख केला नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मी बोलायला हवं होतं. मी तेव्हाही गप्प बसले.

माझ्याबरोबर रुजू झालेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावी गेले. मी राहिले, इथेच घर केलं. २०११ मध्ये नियमित झाले. आणि मग काय झालं ते मला आज स्पष्ट दिसतं. जे मी सोसलं ते सोसायचंच असतं अशी माझी समजूत होत गेली. शिक्षकांच्या कोणत्याही बैठकीत बसा, हे वाक्य ऐकू येईल: “आम्ही काय कमी केलं का? आम्हालाही असंच होतं.” मी ते म्हटलं आहे. शनिवारच्या वाटेवरच्या त्या बाई माझ्या आयुष्यात येऊन गेल्या, तरी कामवाटपाच्या बैठकीत मला आठवले ते गुरुजी आणि त्यांनी दिलेली ती किल्ली.

खासगी शाळांतलं चित्र मी आतून पाहिलेलं नाही, पण प्रशिक्षणांत भेटणाऱ्या तरुण शिक्षकांकडून ऐकते. एका अनुदानित माध्यमिक शाळेत लागलेली मुलगी सांगत होती, वैयक्तिक मान्यतेची फाईल फिरत राहिली, पगारासाठी लागणारा शालार्थ क्रमांक मिळाला नाही, आणि दोन वर्षं तिने एक रुपया न घेता गणित शिकवलं. संस्थेने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतलेली. तिला मी म्हटलं, १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे, काढून टाकलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ती म्हणाली, “ताई, मला काढलं कुठे आहे? ठेवलंच आहे.” त्यावर मला बोलता आलं नाही.

आता अशैक्षणिक कामांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने स्पष्ट म्हटलं आहे की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये. ही तीन कामं आम्ही करतो आणि करू. २०२७ च्या जनगणनेतही आम्ही घरोघर जाऊ. शिक्षक गावातल्या प्रत्येक घरात जाऊ शकतो ही आमच्या पेशाची पुण्याई आहे, मला तिचं ओझं वाटत नाही. २०२४ मध्ये शासनाने कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची विभागणीही जाहीर केली. पण ही सगळी चर्चा ‘शिक्षकांना किती कामं’ याची होते. शाळेच्या आत ती कामं कोणाच्या वाट्याला जातात, हे कोणी विचारत नाही. ती उतारावरच्या पाण्यासारखी सगळ्यात खाली येऊन साचतात, आणि खाली असतो तो ज्याची तीन वर्षं निघायची आहेत. राज्यभरातल्या शाळांची माहिती यू-डायसवर भरली जाते. कोणत्या शाळेत वर्ग किती, नळ किती, संडास किती हे आपल्याला पुण्यात बसून दिसतं. कोणत्या शाळेत सगळ्या नोंदवह्यांवर सगळ्यात नव्या शिक्षकाची सही आहे, हे दिसत नाही. तो रकानाच नाही.

ज्येष्ठांची बाजूही मी मांडते, कारण ती खोटी नाही. आमच्या शाळेतले एक गुरुजी ५६ वर्षांचे आहेत. वर्गात त्यांना तोड नाही, पण मोबाईलवर माहिती भरायची म्हटलं की त्यांचे हात कापतात. ओटीपी येतो, जातो, सिग्नलसाठी टेकाडावर जावं लागतं. नवी मुलं हे पाच मिनिटांत करतात. मग त्यांच्याकडे देणं सोपं पडतं. त्यात दुष्टावा नाही. पण त्या पाच-पाच मिनिटांचा दिवस होतो, आणि तो दिवस जातो पहिली-दुसरीच्या मुलांचा. कारण नव्या शिक्षकाला वर्गही तेच दिले जातात, पालक ज्यांच्या निकालाबद्दल विचारायला येत नाहीत ते. मूल पहिलीत वाचायला लागलं नाही तर पुढे सातवीपर्यंत आम्ही सगळे त्याच एका दुखण्यावर औषध शोधत राहतो. सगळ्यात अवघड वर्ग, सगळ्यात कमी अनुभव आणि सगळ्यात जास्त कागद एकाच माणसाला देऊन ठेवायचे, आणि नंतर वाचनाच्या चाचणीचे आकडे पाहून विचारायचं की शिक्षक काय करतात?

प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं, आम्ही ते करतो. पण त्या सभागृहात १८ वर्षं नोकरी झालेली मी आणि २५ दिवस झालेला शिक्षक शेजारी बसून तीच स्लाइड पाहतो. त्याला विचारायचं असतं की माझ्या वर्गातला एक मुलगा तोंडच उघडत नाही, काय करू. ते विचारायला तिथे जागा नसते, आणि समोर केंद्रप्रमुख बसलेले असतात.

मला आपल्याकडे काय मागायचं आहे ते आता सांगते. मानधनाचा निर्णय मंत्रालयात होतो, आमच्या बदल्या ग्रामविकास विभागाकडे, हे मला ठाऊक आहे. ते मी आपल्याकडे मागत नाही. शिक्षण सेवकपद असावं की नसावं यावर माझं मत आहे, ते जावं असंच आहे, पण त्या निर्णयापर्यंत आणखी किती बॅचेस निघून जातील कोण जाणे. मी मागते ते एका परिपत्रकाने होण्यासारखं आहे.

राज्यात ४,८६० केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात दहा-पंधरा शाळा आणि त्यांत एखादी तरी बाई किंवा गुरुजी असे असतात ज्यांच्याकडे बाकीचे अडलं की जातात. केंद्रातल्या कोणालाही विचारा, नाव लगेच सांगतील. प्रत्येक नव्या शिक्षकाला रुजू होण्याच्या आदेशासोबत अशा एका सोबतीचं नाव लेखी द्या. ती व्यक्ती त्याच्या शाळेतली नसावी, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिला अहवाल लिहायचा अधिकार नसावा, तपासणी करायची नसावी, फोटो काढून ॲपवर टाकायचा नसावा. महिन्यातले दोन शनिवार तिने याच्या वर्गात किंवा याने तिच्या वर्गात बसावं, आणि तो कामाचा वेळ धरला जावा. तपासनीस आमच्याकडे पुष्कळ आहेत. डब्यातली भाकरी झाकणात ठेवणारं कोणी नाही.

दुसरं, पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाकडे पैशाचा आणि धान्याचा हिशोब देऊ नये. द्विशिक्षकी शाळेत कामं दोघांतच वाटायची असतात हे मी जाणते. तिथेही तांदूळ जुन्याने सांभाळावा आणि नव्याने दुसरं काही घ्यावं. कधी साठा ताब्यात द्यावाच लागला तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यासमोर वजन करून, दोघांच्या सह्यांनी. अनुदान उशिरा आलं तर दुकानाची उधारी शाळेच्या नावावर लिहिली जावी, माणसाच्या नाही. ६२ किलो तांदूळ मला आज फार मोठा वाटत नाही, पण बाविसाव्या वर्षी त्याने मला चोर ठरवलं होतं.

आणि अहवाल. तीन वर्षांनी जो अहवाल जातो तो त्या शिक्षकाला दाखवून जावा आणि त्याच्यासोबत त्याचं स्वतःचं एक पान जावं: या तीन वर्षांत मला कोणते वर्ग दिले, कोणती कामं दिली, कोणी काय शिकवलं, कुठे एकटा पडलो. ते पान मुख्याध्यापकाच्या हातून न जाता थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. त्या पानांचे गठ्ठे आपल्या टेबलावर आले तर कुठल्या तालुक्यात नवी माणसं का टिकत नाहीत, हे विचारायला समिती नेमावी लागणार नाही.

कोणी म्हणेल, यामुळे शाळेतली शिस्त बिघडेल, नवे लोक उलट बोलायला लागतील. माझ्या शाळेत ते झालं आहे, म्हणून सांगते. त्या सोमवारनंतर मी दुकानदाराची वही शाळेत मागवली आणि उधारी माझ्या नावावर लिहून घेतली. साठा नोंदवही परत माझ्याकडे घेतली. खोलीतला तांदूळ आम्ही दोघांनी मिळून मोजला, सातवीतल्या दोन मुलींनी आकडे लिहिले. मग मी सरांना माझ्या २००८ च्या नोटिशीबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, “मॅडम, मग तुम्ही मला किल्ली का दिलीत?” सतरा वर्षांत माझ्याशी कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. मी म्हटलं, मला माफ करा.

नोव्हेंबरमध्ये ते पहिल्यांदा माझ्या वर्गात येऊन बसले, मागच्या ओळीत, वही घेऊन. डिसेंबरमध्ये म्हणाले, पहिलीतली एक मुलगी अक्षरं ओळखते पण जोडत नाही, तुम्ही एकदा बघाल का? मी पाहिलं. मलाही लगेच कळलं नाही. आम्ही दोघांनी तिच्यासाठी चिंचोक्यांसारख्याच अक्षरांच्या पुरचुंड्या केल्या, दोन अक्षरांची एक. आता ती वाचते, अडखळत, बोट ठेवून. सरांचे वडील आजारी होते तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि कारण खरं लिहिलं. आधी ते रजाच घेत नसत.

पण मी त्यांच्या शाळेतली आहे आणि त्यांचा अहवाल अजून मीच लिहिणार आहे. मार्च २०२७ मध्ये त्यांची तीन वर्षं पुरी होतील. त्यांना जी सोबत हवी ती मी पूर्णपणे देऊ शकत नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं. बोलताना मधेच ते थांबतात तेव्हा मला ते जाणवतं.

आपण ते परिपत्रक काढाल तेव्हा आमच्या केंद्रातल्या यादीत माझं नाव घाला, शेजारच्या कोणत्याही शाळेसाठी. दोन किलोमीटर असो की सहा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मोकळी असते. परिपत्रक निघेपर्यंत थांबणार नाही. वहाळापलीकडच्या त्याच शाळेत या जूनमध्ये एक नवीन बाई आल्या आहेत, विदर्भातल्या. त्यांना मी निरोप पाठवला आहे.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका